छॉन्दोग्यो

छॉन्दोग्यो हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरियात उदयास आलेला धर्म होय. छ्वे जे-उ (१८२४–१८६४) यांनी १८६० मध्ये 'दोंगहाक' या नावाने त्याची स्थापना केली. तिसरे प्रमुख सोन ब्योंग-ही यांनी १ डिसेंबर १९०५ रोजी त्याला 'छॉन्दोग्यो' हे आजचे नाव दिले. कोरियाच्या आधुनिक काळातील देशी नवधर्मांमध्ये हा सर्वांत आधीचा मानला जातो. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वर वसतो, म्हणून माणसाशी ईश्वराशी वागावे तसे वागले पाहिजे, हे या धर्माचे मूळ तत्त्व आहे. १८९४ चा शेतकरी उठाव, १९१९ ची स्वातंत्र्य चळवळ आणि बालकांच्या हक्कांची चळवळ या कोरियाच्या इतिहासातील तीन महत्त्वाच्या घटनांशी या धर्माचा निकटचा संबंध आहे. अनुयायांची संख्या आज अल्प असली, तरी कोरियाच्या सामाजिक इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे.

नाव आणि अर्थ

'दोंगहाक' या शब्दाचा अर्थ 'पूर्वेची विद्या' असा होतो. त्या काळी कोरियात कॅथलिक ख्रिस्ती धर्माला आणि त्याच्यासोबत आलेल्या ज्ञानाला 'सॉहाक', म्हणजे 'पश्चिमेची विद्या', असे म्हटले जाई. तिच्याहून आपली शिकवण वेगळी आहे, हे दाखवण्यासाठी छ्वे जे-उ यांनी हे नाव योजले. कोरियालाही पूर्वेचा देश म्हणण्याची प्रथा असल्यामुळे 'आपल्या देशाची विद्या' असाही अर्थ त्यातून निघतो.

'छॉन्दोग्यो' या नावातील 'छॉन' म्हणजे आकाश किंवा स्वर्ग, 'दो' म्हणजे मार्ग आणि 'ग्यो' म्हणजे शिकवण किंवा धर्म. येथे स्वर्ग म्हणजे मृत्यूनंतर प्राप्त होणारे स्थान नव्हे. चिनी आणि कोरियन परंपरेत विश्वाचे नियमन करणाऱ्या परमशक्तीला हाच शब्द वापरतात. अनुयायी या शक्तीला आदराने 'हनुल्लिम' असे संबोधतात. पुढील विवेचनात तिच्यासाठी 'ईश्वर' हा शब्द वापरला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोरियावर जोसॉन राजघराण्याची सत्ता होती. कन्फ्यूशियसच्या विचारांवर आधारलेली ही राज्यव्यवस्था जन्मावरून ठरणाऱ्या श्रेणींवर उभी होती. सर्वांत वर 'यांगबान' हा उमराव आणि अधिकारी वर्ग, त्याखाली सामान्य शेतकरी व कारागीर, आणि सर्वांत खाली गुलाम व हीन समजले जाणारे व्यावसायिक अशी ही उतरंड होती. यांगबान पुरुषाच्या उपपत्नीपासून झालेल्या मुलांना आणि पुनर्विवाह केलेल्या विधवांच्या मुलांना राजसेवेच्या परीक्षांत दुय्यम वागणूक मिळे किंवा त्यांना प्रवेशच नाकारला जाई.

जमीनमहसूल, लष्करी सेवेऐवजी द्यावा लागणारा कापडाचा कर आणि सरकारी धान्यकर्जाची सक्तीची वसुली या तिन्ही मार्गांनी शेतकऱ्यांची पिळवणूक होत होती. पदे पैसे देऊन मिळत असल्याने अधिकारी तो पैसा प्रजेकडून वसूल करीत. १८६२ मध्ये जिंजू येथे सुरू झालेले शेतकऱ्यांचे बंड दक्षिणेकडील अनेक जिल्ह्यांत पसरले. पटकीच्या साथींनी लोक हैराण झाले होते. त्यातच १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्य बीजिंगमध्ये शिरले. ज्या चीनकडे कोरियाचे शासक आदर्श म्हणून पाहत, त्याचीच राजधानी परकीयांच्या हाती गेल्याच्या वार्तेने देशभर चिंता पसरली. जुनी व्यवस्था संपत आली आहे, या भावनेला अशा परिस्थितीत बळ मिळाले.

छ्वे जे-उ आणि दोंगहाकची स्थापना

छ्वे जे-उ यांचा जन्म १८२४ मध्ये कोरियाच्या आग्नेय भागातील ग्यॉंगजू परिसरात झाला. त्यांचे वडील छ्वे ओक हे त्या भागातील विद्वान होते. मात्र आई ही पुनर्विवाह केलेली विधवा होती. त्यामुळे अभ्यास उत्तम असूनही राजसेवेचा मार्ग त्यांना बंद होता. लहानपणीच आई आणि किशोरवयात वडील वारले. पुढे घरही आगीत भस्मसात झाले. त्यानंतर अनेक वर्षे ते कापडाचा फिरता व्यापार करीत देशभर हिंडले. लोकांची दैना त्यांनी याच भ्रमंतीत जवळून पाहिली. नंतर त्यांनी डोंगरात दीर्घकाळ व्रतस्थ राहून साधना केली. मूळचे 'जे-सॉन' हे नाव सोडून त्यांनी 'जे-उ' हे नाव घेतले. 'अज्ञ जनांना तारणारा' असा त्याचा अर्थ आहे. अनुयायी त्यांना 'सु-उन' या उपनामाने ओळखतात.

चांद्र पंचांगानुसार १८६० च्या चौथ्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, ग्यॉंगजूजवळील योंगदाम येथे, त्यांना ईश्वराचा साक्षात्कार झाला अशी अनुयायांची श्रद्धा आहे. शरीर थरथरू लागले, एक वाणी ऐकू आली आणि तिच्याशी आपला संवाद झाला, असे वर्णन त्यांच्या लेखनात आढळते. या प्रसंगी त्यांना एक पवित्र चिन्ह आणि एक मंत्र प्राप्त झाला असे मानतात. कागदावर काढलेले ते चिन्ह जाळून त्याची राख पाण्यातून घेतल्यास रोग बरे होतात, असा प्रारंभीच्या काळातील विश्वास होता. साथीच्या त्या दिवसांत अनेक लोक याच कारणाने या पंथाकडे आकृष्ट झाले.

सुमारे वर्षभर चिंतन केल्यानंतर १८६१ मध्ये त्यांनी उपदेशास प्रारंभ केला. त्यांच्या शिकवणीचा पहिला परिणाम त्यांच्या स्वतःच्या घरात दिसला. घरातील दोन गुलाम स्त्रियांना त्यांनी मुक्त केले. एकीला मुलगी मानले आणि दुसरीला सून करून घेतले, असे परंपरा सांगते. गुलामाची किंमत जनावराप्रमाणे ठरवणाऱ्या समाजात हे कृत्य असाधारण होते.

छ्वे जे-उ यांनी दोन प्रकारचे लेखन केले. अभिजात चिनी भाषेतील गद्य व पद्य 'दोंगग्यॉंग देजॉन' या ग्रंथात संकलित झाले आहे. 'योंगदाम यूसा' हा संग्रह मात्र हंगुल लिपीत, सामान्य जनांच्या कोरियन भाषेत आहे. त्यातील रचना गेय असल्यामुळे निरक्षर शेतकरी आणि स्त्रिया त्या पाठ करू शकत. विद्वानांची भाषा आणि लोकभाषा अशा दोन्हींत शिकवण मांडल्यामुळे तिचा प्रसार वेगाने झाला.

अटक आणि मृत्युदंड

पंथाचा वाढता प्रभाव पाहून स्थानिक विद्वान आणि अधिकारी अस्वस्थ झाले. ईश्वरासाठी छ्वे जे-उ वापरत असलेला 'छॉन्जू' हा शब्द कॅथलिकही वापरत. कॅथलिक धर्मावर त्या काळी बंदी असल्याने हाही त्याचाच छुपा प्रचार आहे, असा संशय घेतला गेला. पश्चिमेच्या विद्येला पर्याय म्हणून निघालेल्या पंथावर पश्चिमेचाच हस्तक असल्याचा आरोप व्हावा, हा इतिहासातील एक विरोधाभास आहे. १८६१ च्या अखेरीस छ्वे जे-उ यांना ग्यॉंगजू सोडून नैर्ऋत्येकडील जॉल्ला प्रांतात आश्रय घ्यावा लागला. १८६२ मध्ये त्यांना अटक झाली. परंतु शेकडो अनुयायी जमल्यामुळे त्यांना सोडून द्यावे लागले. त्यानंतर त्यांनी गावोगावच्या अनुयायांचे 'जॉप' नावाचे गट बांधले आणि प्रत्येक गटावर एक प्रमुख नेमला. पंथाच्या पुढील वाढीचा पाया या रचनेने घातला.

१८६३ मध्ये त्यांनी छ्वे सी-ह्योंग यांना उत्तराधिकारी नेमले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांना पुन्हा अटक झाली. लोकांना भुलवणे आणि समाजात गोंधळ माजवणे हा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता. त्यांनी रचलेले तलवारीचे गीत आणि अनुयायांचे तलवार-नृत्य हे बंडाच्या तयारीचे पुरावे मानले गेले. १८६४ च्या वसंत ऋतूत देगू येथे त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. उपदेशासाठी त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली होती.

छ्वे सी-ह्योंग यांचा काळ

दुसरे प्रमुख छ्वे सी-ह्योंग (१८२७–१८९८) हे 'हेवॉल' या उपनामाने प्रसिद्ध आहेत. लहानपणी पोरके झालेल्या हेवॉल यांनी कागद बनवण्याच्या कारखान्यात आणि शेतावर राबून उपजीविका केली. त्यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते. संस्थापकांच्या मृत्युदंडानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ते गांगवॉन आणि छुंगछॉंग प्रांतांच्या डोंगराळ भागात भूमिगत राहिले. सतत गाठोडे घेऊन फिरावे लागल्याने लोक त्यांना 'गाठोडेवाले छ्वे' म्हणत. १८७१ मध्ये काही अनुयायांनी केलेल्या उठावामुळे सरकारने पुन्हा कठोर दमन केले आणि विस्कटलेली संघटना त्यांना नव्याने बांधावी लागली.

धर्मग्रंथांच्या जतनाचे श्रेय हेवॉल यांना दिले जाते. 'दोंगग्यॉंग देजॉन' १८८० मध्ये आणि 'योंगदाम यूसा' १८८१ मध्ये लाकडी ठशांवरून छापून प्रसिद्ध झाले. मूळ हस्तलिखिते नष्ट झाल्याने हेवॉल यांनी ती स्मरणातून सांगितली, अशी आख्यायिका आहे.

संस्थापकांची शिकवण त्यांनी दैनंदिन जीवनात उतरवली. एका अनुयायाच्या घरी मागावर कापड विणण्याचा आवाज ऐकून त्यांनी कोण विणते आहे असे विचारले. सून विणते आहे, असे उत्तर मिळाले, तेव्हा विणणारी खरोखर सून आहे की ईश्वर, असा प्रतिप्रश्न त्यांनी केल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. मुलाला मारणे म्हणजे ईश्वराला मारणे, असे ते सांगत. हीन समजल्या जाणाऱ्या कुळातील एका अनुयायाला त्यांनी प्रमुखपद दिले, तेव्हा उच्च कुळातील अनुयायांनी हरकत घेतली. ती त्यांनी मानली नाही. पशू, वनस्पती आणि निर्जीव वस्तू यांच्याविषयीही आदर बाळगावा, असा त्यांचा आग्रह होता. पूर्वजांच्या पूजेत नैवेद्य भिंतीकडे मांडण्याऐवजी पूजा करणाऱ्याने तो स्वतःसमोर मांडावा, असा बदल त्यांनी १८९७ मध्ये केला. पूर्वज आणि ईश्वर दोघेही जिवंत माणसातच आहेत, हा त्यामागील विचार होता.

१८९२ पासून अनुयायांनी संस्थापकांवरील कलंक पुसावा आणि पंथाला मान्यता द्यावी, अशी उघड मागणी सुरू केली. १८९३ मध्ये सोलच्या राजवाड्याच्या ग्वांगह्वामुन दरवाजासमोर त्यांच्या प्रतिनिधींनी जमिनीवर बसून अर्ज सादर केला. त्याच वर्षी बोउन येथे सुमारे वीस हजारांहून अधिक लोक जमले. या मेळाव्यात जपानी आणि पाश्चात्त्य प्रभावाला विरोध करणाऱ्या घोषणाही देण्यात आल्या. धार्मिक मान्यतेची मागणी राजकीय मागणीत रूपांतरित होत असल्याचे हे लक्षण होते.

१८९४ चा शेतकरी उठाव

जॉल्ला प्रांतातील गोबू येथील दंडाधिकारी जो ब्योंग-गाप याने शेतकऱ्यांना सक्तीने राबवून नवा बंधारा बांधला आणि त्याच्याच पाण्यावर त्यांच्याकडून कर वसूल केला. १८९४ च्या आरंभी दोंगहाकचे स्थानिक गटप्रमुख जॉन बोंग-जून यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी कचेरीवर चाल करून धान्याची कोठारे खुली केली आणि तो बंधारा फोडला. लहान चणीमुळे जॉन बोंग-जून यांना लोक 'नोक्दू', म्हणजे 'मूग', या टोपणनावाने ओळखत.

चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने उलट दोंगहाकच्या अनुयायांनाच छळल्यामुळे उठाव पसरला. ११ मे रोजी ह्वांगतोजे येथे शेतकऱ्यांनी सरकारी फौजेचा पराभव केला आणि मे महिन्याच्या अखेरीस जॉल्लाची राजधानी जॉन्जू ताब्यात घेतली. घाबरलेल्या दरबाराने चीनच्या छिंग सरकारकडे मदत मागितली. चीनने सैन्य पाठवताच १८८५ च्या तिएनजिन कराराचा आधार घेऊन जपाननेही आपले सैन्य उतरवले. परकीय फौजांना निमित्त मिळू नये म्हणून शेतकऱ्यांनी जून महिन्यात सरकारशी तह करून जॉन्जू सोडले.

तहानंतर जॉल्लातील अनेक जिल्ह्यांत 'जिपगांगसो' नावाची लोककार्यालये स्थापन झाली. भ्रष्ट अधिकाऱ्यांना शासन, गुलामांच्या नोंदी जाळणे, तरुण विधवांना पुनर्विवाहाची मुभा आणि जमिनीचे समान वाटप अशा बारा सुधारणांची यादी ओ जी-यॉंग यांच्या १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात आढळते. ती बरीच उशिरा लिहिली गेल्याने तिच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र त्याच वर्षी सरकारने सुरू केलेल्या गाबो सुधारणांत गुलामगिरी आणि जन्माधिष्ठित श्रेणी रद्द झाल्या व विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता मिळाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जपानी सैन्याने २३ जुलै रोजी सोलचा राजवाडा ताब्यात घेतला आणि लगेच चीन-जपान युद्ध पेटले. शरद ऋतूत शेतकरी पुन्हा उठले. या वेळी लढा जपानविरुद्ध होता. आरंभी सशस्त्र उठावाला प्रतिकूल असलेल्या हेवॉल यांनीही आता संमती दिली आणि उत्तरेकडील गट दक्षिणेकडील गटांना येऊन मिळाले. गोंगजूजवळील उगुमछी खिंडीत निर्णायक लढाई झाली. बहुसंख्य शेतकऱ्यांकडे भाले, बांबू आणि तोड्याच्या बंदुका होत्या. समोर आधुनिक शस्त्रे असलेले जपानी व सरकारी सैन्य होते. शेतकऱ्यांचा दारुण पराभव झाला. जॉन बोंग-जून पकडले गेले आणि १८९५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. हेवॉल यांना १८९८ मध्ये वॉन्जू येथे पकडून सोलमध्ये मृत्युदंड देण्यात आला. पंथाचे पहिले दोन्ही प्रमुख अशा रीतीने राजसत्तेच्या हातून मारले गेले.

सोन ब्योंग-ही आणि नामांतर

तिसरे प्रमुख सोन ब्योंग-ही (१८६१–१९२२) यांचा जन्म छॉंगजू येथे एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या उपपत्नीच्या पोटी झाला. जन्मामुळे वाट्याला आलेल्या अवहेलनेचा अनुभव असलेल्या सोन यांनी १८८२ मध्ये दोंगहाकचा स्वीकार केला. १८९४ च्या दुसऱ्या उठावात उत्तरेकडील गटांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १९०१ मध्ये ते जपानला गेले. जगातील बदल जवळून पाहिल्यावर केवळ शस्त्रांनी नव्हे, तर शिक्षण, उद्योग आणि संघटन यांच्या बळावर राष्ट्र उभे राहील, असे त्यांचे मत झाले.

१९०४ मध्ये त्यांच्या सूचनेनुसार अनुयायांनी 'जिन्बोहोए' ही सुधारणावादी संघटना काढली. असंख्य अनुयायांनी शेंडी कापून आधुनिकतेचा स्वीकार जाहीर केला. मात्र देशातील काम पाहणारे ई योंग-गू यांनी ही संघटना जपानधार्जिण्या 'इल्जिन्होए'त विलीन केली. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये इल्जिन्होएने कोरियावरील जपानी संरक्षणाला उघड पाठिंबा दिला आणि दोंगहाकचे नाव बदनाम झाले. या पार्श्वभूमीवर सोन यांनी १ डिसेंबर १९०५ रोजी पंथाचे 'छॉन्दोग्यो' असे नामांतर केले. बंडखोरांचा बेकायदा पंथ आधुनिक, मान्यताप्राप्त धर्माच्या रूपात मांडणे आणि राजकीय गटांपासून त्याला वेगळे काढणे, असे दोन हेतू त्यामागे होते. १९०६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी ई योंग-गू आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना धर्माबाहेर काढले. बहिष्कृतांनी 'सिछॉन्ग्यो' नावाचा वेगळा पंथ स्थापन केला.

धर्माची आर्थिक बाजू 'सॉंगमी' या प्रथेने सावरली. प्रत्येक जेवणाचा भात शिजवताना घरातील प्रत्येक माणसामागे एक चमचा तांदूळ बाजूला काढून तो धर्मकार्यासाठी द्यायचा, अशी ही प्रथा होती. गरीब कुटुंबांनाही झेपणाऱ्या या दानातून शाळा, छापखाना आणि नियतकालिके चालली. आज कोरिया विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पूर्वरूप असलेले बोसॉंग महाविद्यालय १९१० मध्ये आर्थिक अडचणीत असताना छॉन्दोग्योने चालवावयास घेतले.

१९१९ ची स्वातंत्र्य चळवळ

१९१० मध्ये जपानने कोरिया खालसा केला. राजकीय संघटनांवर बंदी असल्याने देशभर जाळे असलेल्या धार्मिक संस्था याच लोकांना एकत्र आणण्याचे साधन उरल्या. छॉन्दोग्योने ख्रिस्ती आणि बौद्ध नेत्यांशी संधान बांधून स्वातंत्र्याची घोषणा करण्याचे ठरवले. घोषणापत्रावर सही करणाऱ्या ३३ प्रतिनिधींपैकी १५ छॉन्दोग्योचे, १६ प्रोटेस्टंट ख्रिस्ती आणि २ बौद्ध होते. यादीत पहिले नाव सोन ब्योंग-ही यांचे होते. घोषणापत्र छॉन्दोग्योच्या बोसॉंगसा छापखान्यात छापले गेले. ज्या धर्माने ख्रिस्ती विद्येला पर्याय म्हणून जन्म घेतला, तो साठ वर्षांनी ख्रिस्ती धर्मीयांसोबत एकाच कागदावर सही करीत होता.

१ मार्च १९१९ रोजी सोलमधील एका उपाहारगृहात प्रतिनिधींनी घोषणा केली आणि स्वतःहून अटक करवून घेतली. त्याच दिवशी जवळच्या उद्यानात विद्यार्थी व नागरिकांनी ती वाचली आणि निदर्शने देशभर पसरली. दमनाला दोन्ही धर्मांचे अनुयायी बळी पडले. १५ एप्रिल रोजी जेआम-री येथे जपानी सैन्याने केलेल्या हत्याकांडातील मृतांत ख्रिस्ती आणि छॉन्दोग्यो अनुयायी दोघेही होते. सोन यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात प्रकृती खालावल्याने १९२० मध्ये त्यांना सोडण्यात आले आणि १९ मे १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

सोलमधील छॉन्दोग्योचे मध्यवर्ती सभागृह १९२१ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी अनुयायांकडून जमवलेल्या निधीचा काही भाग स्वातंत्र्य चळवळीकडे वळवण्यात आला होता.

सांस्कृतिक कार्य

१९२० च्या दशकात छॉन्दोग्योच्या कार्याचा भर सांस्कृतिक चळवळीवर राहिला. जून १९२० मध्ये 'गेब्योक' हे मासिक सुरू झाले. 'नव्या जगाचा आरंभ' असा त्याच्या नावाचा भावार्थ आहे. साहित्य, समाजसुधारणा आणि राजकीय विचार यांना त्याने व्यासपीठ दिले. अनेकदा जप्ती सोसल्यानंतर १९२६ मध्ये ते वसाहतवादी सरकारने बंद पाडले. स्त्रियांसाठी आणि शेतकऱ्यांसाठीही स्वतंत्र नियतकालिके काढण्यात आली. ई दोन-ह्वा यांनी धर्मतत्त्वांची आधुनिक तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडणी केली.

या काळातील सर्वांत टिकाऊ कार्य बालकांसंबंधी होते. सोन ब्योंग-ही यांचे जावई आणि बालसाहित्यिक बांग जॉंग-ह्वान यांनी मुलांसाठी 'ओरिनी' हा आदरवाचक शब्द रूढ केला आणि १९२३ मध्ये त्याच नावाचे मासिक सुरू केले. मुलांशीही आदरार्थी भाषेत बोलावे, असे ते सांगत. १ मे १९२२ रोजी छॉन्दोग्योच्या बालसंघटनेने बालदिन साजरा केला आणि पुढच्या वर्षी तो व्यापक प्रमाणावर पाळला गेला. दक्षिण कोरियात ५ मे रोजी साजरा होणाऱ्या बालदिनाचे मूळ याच उपक्रमात आहे. मुलाला मारू नये या हेवॉल यांच्या उपदेशाला त्यातून सार्वजनिक रूप मिळाले.

फूट, फाळणी आणि ऱ्हास

सोन यांच्या निधनानंतर नेतृत्व आणि धोरण यांवरून नवा व जुना असे दोन गट पडले. १९१९ च्या ३३ प्रतिनिधींपैकी एक असलेले छ्वे रिन १९३० च्या दशकात जपानी राजवटीचे सहकारी बनले. या घटनेने धर्माच्या नैतिक प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला.

१९४५ मध्ये देशाची फाळणी झाली, तेव्हा बहुसंख्य अनुयायी उत्तरेकडे होते. १९४६ मध्ये प्याँगयांग येथे 'छॉन्दोग्यो छोंगू पक्ष' स्थापन झाला. पुढे तो सत्ताधारी पक्षाच्या अधीन झाला आणि नाममात्र स्वरूपात टिकला. दक्षिणेत अनुयायी कमी होते आणि ख्रिस्ती धर्माचा वेगाने प्रसार होत होता. दक्षिण कोरियाचे माजी परराष्ट्रमंत्री आणि छॉन्दोग्योचे माजी प्रमुख छ्वे दॉक-सिन १९८६ मध्ये उत्तर कोरियात स्थायिक झाले. त्यामुळे दक्षिणेतील संघटनेची अवस्था आणखी अवघड झाली. २०१५ च्या जनगणनेनुसार दक्षिण कोरियात सुमारे ६६ हजार लोकांनी आपला धर्म छॉन्दोग्यो असल्याचे नोंदवले.

शिकवण

छॉन्दोग्योच्या तत्त्वविचाराचा विकास तीन प्रमुखांच्या तीन संकल्पनांतून समजून घेता येतो.

छ्वे जे-उ यांची संकल्पना 'सिछॉन्जू' ही होय. ईश्वर दूर कोठे नसून प्रत्येक माणूस त्याला आपल्या ठायी धारण करतो, असा तिचा आशय आहे. हेवॉल यांनी 'साइन्यॉछॉन', म्हणजे माणसाला ईश्वर मानून वागवावे, हा आचारधर्म सांगितला. सोन ब्योंग-ही यांनी 'इन्नेछॉन', म्हणजे माणूस हाच ईश्वर होय, हे सूत्र मांडले. पहिल्या संकल्पनेत भक्तीला, दुसरीत आचाराला आणि तिसरीत तात्त्विक ऐक्याला प्राधान्य आहे. तिसऱ्या सूत्रामुळे ईश्वराचे स्वतंत्र अस्तित्व बाजूला पडते का, याविषयी अभ्यासकांत आणि अनुयायांत चर्चा होत आली आहे.

या धर्मात कन्फ्यूशियसचा नीतिविचार, बौद्ध व ताओ परंपरा आणि कोरियन लोकश्रद्धा यांचे अंश दिसतात. परलोकातील मोक्षापेक्षा याच पृथ्वीवर न्याय्य जग निर्माण करणे हे त्याचे ध्येय आहे.

आचार

अनुयायांसाठी पाच मुख्य आचार सांगितले आहेत. २१ अक्षरी मंत्राचा जप, रोज रात्री नऊ वाजता स्वच्छ पाण्याचे पात्र ठेवून करावयाची प्रार्थना, रविवारची सामुदायिक उपासना, तांदळाचे दान आणि विशेष प्रार्थना हे ते आचार होत. पाण्याच्या पात्राचा संबंध संस्थापकांच्या अखेरच्या क्षणांशी जोडला जातो. मृत्युदंडापूर्वी त्यांनी स्वच्छ पाणी मागून प्रार्थना केली, अशी श्रद्धा आहे. कोणतेही काम करण्यापूर्वी अंतःकरणातील ईश्वराला मनोमन सांगण्याचीही पद्धत आहे. धर्माची कालगणना १८६० पासून सुरू होते. संस्थापकांच्या साक्षात्काराचा ५ एप्रिल हा सर्वांत महत्त्वाचा सण आहे.

मूल्यमापन

१८९४ च्या घटनेला राज्यकर्त्यांनी दीर्घकाळ 'दोंगहाकचे बंड' म्हटले. नंतरच्या अभ्यासकांनी तिला शेतकरी युद्ध किंवा शेतकरी क्रांती अशी नावे दिली. त्या उठावात धर्माचा वाटा किती आणि आर्थिक शोषणाचा किती, हा वादाचा विषय आहे. काहींच्या मते दोंगहाकने केवळ संघटनेचे जाळे पुरवले. तर जन्माने कोणीही हीन नाही ही शिकवण नसती, तर शेतकरी आणि गुलाम एका झेंड्याखाली आलेच नसते, असे इतरांचे म्हणणे आहे. दक्षिण कोरियाने २००४ मध्ये कायदा करून उठावातील सहभागी लोकांची प्रतिष्ठा पुनःस्थापित केली. २०१९ पासून ह्वांगतोजेच्या विजयाचा ११ मे हा दिवस राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. उठावाशी संबंधित दस्तऐवजांचा समावेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाला.

छॉन्दोग्योच्या वाढीचा आणि ऱ्हासाचा इतिहास पाहता, राज्यसत्तेशी असलेल्या संबंधांनी त्याचे भवितव्य वारंवार ठरवलेले दिसते. मृत्युदंड आणि बंदी सोसूनही तो वाढला. मात्र आतून झालेली फूट, काही नेत्यांची सत्तेशी जवळीक आणि देशाची फाळणी यांनी त्याला क्षीण केले. त्याची मूल्ये मात्र अनुयायांपुरती उरली नाहीत. जन्माधिष्ठित श्रेणींचा निषेध, स्त्रिया व बालकांचा सन्मान आणि अन्यायाविरुद्ध संघटित होण्याचा सामान्य माणसाचा अधिकार या गोष्टी कोरियाच्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनल्या. दर वर्षी ५ मे रोजी बालदिन साजरा करणाऱ्या असंख्य कुटुंबांचा या धर्माशी काही संबंध नसतो. तरीही त्या दिवसाचा उगम त्याच्याच शिकवणीत आहे.